खालची नावं आधी लिही

पोरी, तुझी यादी मी नीट वाचली. पुण्याची कॉलेजं आहेत, मुंबईचं व्हीजेटीआय आहे, सांगलीचं वालचंद आहे, संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी आहे, आणि तिथंच यादी संपते. व्हीजेटीआय 1887 चं, पुण्याचं सीओईपी 1854 चं. अशा ठिकाणी आपल्या कुंभार पिंपळगावची लेक बसावी असं मलाही वाटतं. ही नावं खोडू नकोस, वरच राहू दे. मला बोलायचंय ते अजून न लिहिलेल्या नावांविषयी, म्हणजे यादीच्या तळाविषयी. एवढी वर्षं शिकवलं, पोरांचे फॉर्म भरताना शेजारी बसलो. चांगल्या मार्कांची पोरं घरी बसली ती बहुतेक तळ रिकामा ठेवल्यामुळं.

आधी तुझा आकडा समजून घे. 88 पर्सेंटाइल म्हणजे शंभरात 88 मार्क नव्हेत. तुझ्या मागं शंभरातली 88 पोरं आहेत आणि पुढं 12. 2025 साली एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटाची परीक्षा चार लाखांवर पोरांनी दिली होती. म्हणजे एका पर्सेंटाइलमागं चार हजारांवर पोरं उभी असतात. ‘कटऑफ 90 आहे, माझे 88 आहेत, दोनच तर कमी आहेत’ असं तू परवा म्हणालीस. त्या दोनात आठ हजार पोरं आहेत. म्हणून पर्सेंटाइलशेजारी जो मेरिट नंबर छापलेला असतो तो बघायची सवय लाव. कटऑफच्या यादीत दोन्ही असतात. नंबर पाहिला की अंतर किती ते लगेच कळतं.

कटऑफची यादी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरून उतरवून घे. कोणाच्या मोबाइलवर फिरत आलेली घेऊ नकोस. दोन वर्षांची घे, आणि प्रत्येक वर्षाची पहिली फेरी घे. इथं पुष्कळ जण फसतात. शेवटच्या फेरीचा कटऑफ खाली उतरलेला असतो, कारण तोपर्यंत वरची पोरं आपापल्या जागी गेलेली असतात आणि उरलेल्या जागा वाटल्या जातात. तो आकडा पाहून ‘हे तर मला मिळतंच’ असं म्हणणं म्हणजे नशिबावर सोडणं. ज्या कॉलेजात, ज्या शाखेला, दोन्ही वर्षी पहिल्याच फेरीत तुझ्यापेक्षा बऱ्याच मागच्या नंबरच्या पोरांना जागा मिळाली, ते तुझं खात्रीचं कॉलेज. बऱ्याच मागच्या म्हणजे किती? मी पंधरा-वीस हजार नंबरांचं अंतर धरतो. तुझ्याहून हजार-दोन हजारांनीच मागचा नंबर असेल तर ते खात्रीत धरू नकोस, मधल्या नावांत धर.

शाखेची हवाही बदलते. संगणक, एआय, डेटा सायन्स यांच्यामागं सगळे धावतात, त्यामुळं एका वर्षाचा आकडा दुसऱ्या वर्षी टिकत नाही. शिवाय 2024 पासून एआयसीटीईनं चांगल्या संस्थांसाठी शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली आणि मोठ्या शहरांत संगणकाच्या जागा वाढल्या. म्हणून खात्रीच्या नावांत सगळीकडं एकच शाखा लिहू नकोस. इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, सिव्हिल यांच्याकडं नाक मुरडायची फॅशन आहे. जालन्यात स्टीलचे कारखाने आहेत, संभाजीनगरला वाळूज आणि शेंद्रा आहे. ज्या कामाला माणसं लागतात ते शिकायला कमीपणा कसला? तुला इलेक्ट्रिकल आवडतं हे मला माहीत आहे. तू ते यादीत लिहिलंच नाहीस.

कटऑफमधली ती इंग्रजी अक्षरं सोडून पुढं जाऊ नकोस. पहिलं अक्षर जी किंवा एल, मग प्रवर्ग, शेवटी एच, ओ किंवा एस. एल म्हणजे मुलींसाठी राखीव जागा. मुलगी म्हणून तुला जी आणि एल दोन्हींत संधी आहे, तेव्हा दोन्ही रकाने बघ. शेवटचं अक्षर त्याहून महत्त्वाचं. एच म्हणजे आपल्या विद्यापीठ क्षेत्रातली पोरं, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यभराची एकच यादी. तू बारावी जालना जिल्ह्यातून झालीस, म्हणून तुझं क्षेत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं: संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव. अशा विभागणीच्या पुण्यातल्या खासगी कॉलेजात तू ‘बाहेरची’, आणि तिथं बाहेरच्यांना 30 टक्केच जागा. संभाजीनगरच्या तशाच कॉलेजात तू घरची, 70 टक्क्यांत. तुझे खात्रीचे आकडे पुण्याच्या एच रकान्यातून काढलेले असतील तर ते सगळे चुकले. तुझा मावसभाऊ लातूरला अकरावी-बारावी करून आला. त्याचं घर पिंपळगावात असलं तरी क्षेत्र नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचं. बारावी कुठून झाली हे पाहतात, राहतो कुठं हे पाहत नाहीत. त्यालाही हे सांग, त्यानं तुझी यादी उतरवून घेऊ नये.

आता क्रम. लोक तुला सांगतील की वर मोठी नावं लिहिलीस तर खालचीही जातील, म्हणून मिळणारं वर लिही. ऐकू नकोस. यंत्रणा तुझ्या नंबरवर आली की वरून एकेक नाव बघत खाली येते आणि जिथं जागा असेल तिथं थांबते. वरचं मिळालं नाही म्हणून खालच्याचा तुझा हक्क कमी होत नाही. क्रम मनाच्या ओढीनं लाव, शक्यता बघून लावू नकोस. मात्र 2025 च्या प्रवेशापासून एक नियम कडक झालाय. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं मिळालं तर ते घ्यावंच लागतं, पुढची फेरी बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी मिळालं तर तेच. तिसरीत पहिल्या सहांपैकी मिळालं तर तेच. चौथीत जे मिळेल ते शेवटचं. आधी फक्त पहिल्या नावाचा विचार करावा लागायचा, आता पहिल्या सहा नावांचा करावा लागतो. त्या सहांत ‘बघू, असू दे’ असं एकही नाव नको. फॉर्म भरताना तुझ्या मैत्रिणीनं तिचं कॉलेज तुझ्याही यादीत दुसऱ्या नंबरला घातलंय, ते मला दिसलं. ते मिळालं तर तुला तिथंच जावं लागेल, मैत्रीण तिकडं असो वा नसो.

एखाद्या फेरीत मधलं किंवा खालचं मिळालं, तर जागा स्वीकारून शुल्क वेळेत भर आणि बेटरमेंटला, म्हणजे त्याहून बऱ्या जागेसाठी पुढच्या फेरीला, जा. हा खेळ सोपा वाटतो, पण दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, ‘हे नकोच होतं’ म्हणून शुल्कच न भरणं. त्यानं हातातली जागा जाते. दुसरं, पुढच्या फेरीची यादी भरताना हातातल्या जागेपेक्षा कमी आवडीची नावं परत लिहिणं. ती मिळाली की आधीची आपोआप सुटते. पुढच्या फेरीत फक्त हातातल्यापेक्षा बरी वाटणारी नावं लिहायची, दोनच उरली तर दोनच. हे मी 2025 च्या नियमांवरून सांगतोय. दर वर्षी माहिती पुस्तिका निघते, त्यात फेऱ्यांचं प्रकरण आधी वाच. त्यात काही बदललं असेल तर पुस्तिका खरी, माझं सांगणं सोडून दे.

एका गोष्टीवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्या भागात लेकरं इथं अडकतात. तुझं ओबीसीचं जात प्रमाणपत्र आहे, पण जात पडताळणीची वैधता अजून हातात आलेली नाही. प्रमाणपत्र आणि वैधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अलीकडं आपल्या जिल्ह्यात ज्या घरांत कुणबी प्रमाणपत्रं निघाली तिथंही हाच घोळ आहे. अर्ज केल्याच्या पावतीवर प्रवेशाचा अर्ज घेतात, पण ठरलेल्या तारखेच्या आत वैधता दिली नाही तर तुला खुल्या गटात धरतात. म्हणून खात्रीची नावं निवडताना ओबीसीचा कटऑफ बाजूला ठेव आणि खुल्या गटाचा बघ. खुल्या गटातूनही जे तुला मिळेल ते खरं खात्रीचं. बाकीची नावं प्रवर्गाच्या आकड्यांवर लिही, हक्क आहे तो. नॉन-क्रीमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते. तुझं कोणत्या वर्षाचं आहे ते आजच बघ आणि घनसावंगीला तहसीलला जायचं असेल तर सोमवारीच निघ. धाकट्या भावाला सांग, अकरावी सायन्सला गेल्याबरोबर कॉलेजातूनच वैधतेचा अर्ज टाकायचा. बारावीच्या निकालाची वाट बघायची नाही.

पैशांचं मी तुझ्या बापासमोरच बोललो असतो, पण तो ‘काही बी करू’ म्हणतो आणि रानाकडं निघून जातो. जुलै 2024 च्या शासन निर्णयानं, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. तू त्यात बसतेस. पण प्रवेश कॅप फेरीतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलास तर ही सवलत नाही. खासगी आणि अभिमत विद्यापीठांनाही ती लागू नाही. एखादं मोठ्या नावाचं खासगी विद्यापीठ आत्ताच ‘जागा पक्की, पन्नास हजार भरा’ म्हणत असेल तर ती पक्की जागा आपल्या घराला परवडणारी नाही. ज्याची फी बापाला भरता येत नाही ते कॉलेज, प्रवेश शंभर टक्के मिळणार असला तरी, खात्रीचं म्हणता येत नाही. माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काचीच आहे. वसतिगृह, मेस, बस, पुस्तकं हे राहतंच. प्रत्येक कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण जाहीर करतं, ती काढून वहीत लिही. कॉलेजात गेल्यावर त्याहून जास्त मागितलं तर कशाचे ते लेखी माग. या माफीसाठी महाडीबीटीचा अर्ज प्रवेशानंतर लगेच भर. आधारला जोडलेलं बँक खातं तुझ्या नावाचं हवं.

मुलांसाठी सवलत वेगळी आहे. तुझ्या मावसभावाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शुल्काची अर्धीच सवलत मिळेल, म्हणून त्याच्या खात्रीच्या यादीत शासकीय कॉलेजं जास्त हवीत. जळगाव, यवतमाळ, चंद्रपूर लांब आहे म्हणून तो नाही म्हणतो. पुण्याच्या खासगी कॉलेजला जायला तयार आहे आणि यवतमाळच्या शासकीयला नाही, हे मला पटत नाही.

खात्रीची नावं प्रत्यक्ष बघून लिही. वरच्या कॉलेजांना जायची गरज नाही, त्यांची कीर्ती तुला ठाऊक आहे. तुझं खरं राहणं जिथं होण्याचा संभव जास्त, तिथं एकदा जाऊन ये. परतूरहून रेल्वेनं एका बाजूला जालना, संभाजीनगर आणि दुसऱ्या बाजूला परभणी, नांदेड. आपल्याला ही सोय मोठी आहे. नांदेडचं श्री गुरुगोविंदसिंहजी अभियांत्रिकी 1981 पासून आहे, ते तुझ्या मधल्या-वरच्या नावांत हवं, तू विसरलीस. जाशील तेव्हा सुटीचा दिवस टाळ. प्रवेशाच्या टेबलावर बसलेल्यांना कमी विचार, तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना जास्त. शिक्षक नियमित येतात का, प्रयोगशाळेला कुलूप असतं का, वर्गात निम्म्या जागा रिकाम्या आहेत का, वसतिगृहाच्या वॉर्डन रात्री तिथंच राहतात का, पाणी असतं का. ज्या शाखेला तू जाणार त्या शाखेला एनबीए मानांकन आहे का हे विचार. सगळ्या कॉलेजला नॅक असलं तरी शाखेचं वेगळं असतं. बघून आल्यावर मनानं कौल दिला, ‘वरचं नाही मिळालं तर इथं मी चार वर्षं काढीन’, तरच ते नाव लिही. जिथं जायचंच नाही ते नाव तळाला लिहून उपयोग काय? जागा मिळाली की लेकरू रडतं, घरचे रागावतात, आणि वर्ष वाया जातं. तीनशेपर्यंत नावं लिहायची मुभा आहे म्हणून कोणी सायबर कॅफेवाल्याला तीनशे भरायला सांगू नये. चाळीस-पन्नास नावं पुरतात, त्यात शेवटची दहा-बारा अशी जाऊन पाहिलेली किंवा नीट चौकशी केलेली असली म्हणजे झालं.

आपल्याकडं कापसात तुरीची तासं सोडतात. कापसाला दगा झाला तर तूर घर चालवते. तसा अभियांत्रिकीशेजारी दुसऱ्या प्रवेशाचा अर्ज भरून ठेव. त्याच सीईटीवर कृषीचा अर्ज होतो, औषधनिर्माणशास्त्राचाही होतो. प्रत्येकाची नोंदणी वेगळी आणि तारखा वेगळ्या, एकीवर दुसरं मिळत नाही. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ 1972 चं, आणि त्याचं एक कृषी महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात, बदनापूरला आहे. बदनापूरच्या संशोधन केंद्रातून निघालेलं बीडीएन 711 हे तुरीचं वाण आपल्या शिवारात कोणी पेरलं नाही सांग. जालना हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथं महिको काढली आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कृषी किंवा वनस्पतिशास्त्र शिकलेल्या पोरीला जालन्यात काम आहे. हे मी तुझी समजूत काढायला सांगत नाही. खात्रीचा पर्याय कधी कधी पहिल्यापेक्षा बरा निघतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कृषीला घरच्या शेतीचे वाढीव गुण मिळतात. सातबारा कोणाच्या नावावर आहे ते आजोबांना विचारून ठेव.

नीटवाल्यांसाठी थोडंच सांगतो, तुझ्या वर्गातल्या पोरींना कळव. वैद्यकीय प्रवेशात मराठवाड्याला अडवणारा 70:30 चा प्रादेशिक कोटा 2020 साली गेला, आणि 2024 पासून जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, 100 जागांचं. तरी एमबीबीएस एवढंच लिहून थांबू नये. बीएएमएस, पशुवैद्यक, नर्सिंग या सगळ्यांचे अर्ज वेळेत भरावेत. ‘ड्रॉप घेऊन लातूरला जाते’ हा निर्णय प्रवेश हातात असताना घ्यावा. हातात काही नसताना घेतलेला निर्णय घाबरून घेतलेला असतो. आणि धाकट्याची दहावी झाली की त्यालाही हेच लागू. 2025 पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झालेत. दहा नावं लिहिता येतात आणि पहिल्या पसंतीचं मिळालं तर घ्यावंच लागतं. त्याच्याकडून दहाही भरून घे, त्यात दोन आपल्या तालुक्यातली.

या दिवसांत गावात गाड्या फिरतील. कॉलेजांची माणसं घरी येतील, चहा घेतील, ‘दुसऱ्या वर्षी शाखा बदलून देऊ, बस मोफत’ असं सांगतील. तोंडी दिलेल्या शब्दाला प्रवेशात किंमत नाही. त्यांच्याशी गोड बोल, मूळ कागदपत्रं देऊ नकोस. प्रवेश झाल्यावरसुद्धा तपासून परत घ्यायची असतात, कॉलेजनं मूळ प्रती ठेवून घेऊ नयेत असं यूजीसीनं 2016 मध्ये कळवलेलं आहे. पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही सांगू नकोस. कॅफेत बसून फॉर्म भरलास तरी बोटं तुझीच चालू देत, आणि उठताना लॉगआउट कर.

तर आता एक कर. नवी वही घे आणि यादी खालून वर लिही. आधी शेवटची बारा नावं, प्रत्येकापुढं मेरिट नंबर, रकान्याचं अक्षर, मंजूर फी आणि तू तिथं जाऊन आलीस का ते. ती पक्की झाली की मधली, आणि सर्वांत शेवटी वरची, ती तुला पाठच आहेत. बापाला येत्या आठवड्यात एक दिवस रानातून सुटी घ्यायला लाव आणि दोन कॉलेजं बघून या. फॉर्म मुदतीच्या दोन दिवस आधी कन्फर्म कर, शेवटच्या संध्याकाळी संकेतस्थळ अडतं आणि आपल्याकडं लाइट जाते. कन्फर्म केल्यावर छापील प्रत घे, एक तुझ्याकडं ठेव आणि एक मला आणून दे.